फक्त पिवळ्याला हात लावू नका

मी एक जुनी शीट आहे. कॉम्प्युटरवरची, उभ्या-आडव्या रकान्यांची. एका औषध कंपनीत अकरा वर्षं मी एकच काम केलं: पुढच्या महिन्यात कुठलं औषध किती लागेल, ते सांगायचं. मित्रांनो, माझ्या तोंडून गोड आठवणी ऐकायच्या असतील, तर तुम्ही चुकीचं दार वाजवलंत. मी वैतागलेली आहे आणि त्याला कारण आहे.

मला तयार केलं ताईंनी. ताई म्हणजे नियोजन विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई. मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, चहा निवत ठेवून, त्यांनी माझे रकाने आखले. तेव्हा मी साठ ओळींची होते, पुढे दोन हजारांची झाले. मधल्या काळात लोकांनी माझे काय हाल केले ते विचारू नका. एकाने एकच रकाना क्रमाने लावला आणि मलमांपुढे गोळ्यांचे आकडे येऊन बसले. एकाने मला पासवर्ड टाकला आणि स्वारी रजेवर गेली. चूक कुणाचीही असो, खापर माझ्या डोक्यावर. "शीटच तशी आहे," म्हणायचं आणि चहाला जायचं.

विक्रीवाल्यांची तऱ्हा तर वेगळीच. शंभर बाटल्या हव्या असल्या की ते सव्वाशे मागायचे, कारण ताई कापणार हे त्यांना ठाऊक. ताई पाचवा हिस्सा कापायच्या, कारण हे फुगवणार हे त्यांना ठाऊक. सगळे एकमेकांना ओळखून होते, त्यामुळे बरं चाललं होतं.

याला अपवाद होते मास्तर. लहान मुलांच्या फिट्सवरचं सिरप त्यांच्याकडे होतं. विक्रीत येण्याआधी ते शाळेत गणित शिकवायचे. मास्तर चारशे बाटल्या मागायचे, कारण चारशे मुलं ते सिरप घेत होती, मुलामागे महिन्याला एक बाटली. "थोडं वाढवून मागा की हो," असं सोबतचे कितीदा म्हणाले. "कशाला? मुलं मोजून आहेत," एवढंच त्यांचं उत्तर. म्हणून ताईंनी त्या आकड्याला पिवळा रंग दिला. पिवळं म्हणजे कापायचं नाही. अशा आणखी काही ओळी माझ्यात होत्या, आणि त्या रंगाचा अर्थ ताईंना आणि मलाच माहीत होता.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. त्याच्यावर माझा राग नाही. मी थकले होते, नुसती उघडायला पाच मिनिटं घ्यायची. राग आहे तो ते बसवणाऱ्यांवर. त्यांच्या साहेबांची प्रत्येक बैठक चाळीस मिनिटांत संपायची, म्हणून ऑफिसने त्यांचं नावच चाळीस मिनिटं ठेवलं होतं.

"ताई, आकडा कसा ठरवता? एका वाक्यात सांगा."

"विक्रीचा आकडा घेते, पाचवा हिस्सा कापते. फक्त पिवळ्या..."

"झालं की! नियम मिळाला. बारीकसारीक नंतर बघू."

ते नंतर कधी आलंच नाही. पिवळ्या ओळींबद्दल ताईंनी दोनदा मेल केला. 'नोंद घेतली आहे,' असं उत्तर आलं. ताई सरळ माणूस, नोंद घेतली म्हणजे काम झालं असं धरून चालल्या. माझे आकडे नव्या घरी गेले, रंग इकडेच राहिले, आणि मला 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये कोंबलं गेलं.

पहिल्या महिन्यात कारखान्यातून सिरपच्या चारशेऐवजी तीनशेवीस बाटल्या आल्या. गोदामातल्या शिलकीने तूट झाकली, कुणाला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या महिन्यात मास्तर घामाघूम होऊन ताईंच्या टेबलाशी उभे राहिले.

"ताई, दुकानांतून फोन येतायत. सिरप संपलंय. ऐंशी मुलं आहेत हो. औषध चुकलं की फिट येते त्यांना."

चाळीस मिनिटं साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "पण इथे हिरवं दिसतंय. मागणी तीनशेवीस, पुरवठा तीनशेवीस. शंभर टक्के."

"मी चारशे मागितले होते."

"सिस्टिममध्ये तीनशेवीसच आहेत."

आधी स्वतःच कापायचं आणि उरलेलं सगळं दिलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटायची! मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते.

ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला फोल्डरमधून बाहेर काढलं आणि सिरपच्या ओळीपाशी आणलं. पिवळ्या चौकोनाला त्यांचीच जुनी टीप जोडलेली होती: 'मास्तर खरा आकडा देतात. कापू नये.' साहेबांनी ती दोनदा वाचली.

"हे मला सांगितलं का नाही?"

"सांगतच होते," ताई म्हणाल्या. "तुमची चाळीस मिनिटं संपली होती."

कारखान्यातून नवी खेप यायला बारा दिवस होते. ताईंनी एकेका गोदामाला फोन लावला, कुठून पाच, कुठून अकरा असं करत संध्याकाळपर्यंत एकाहत्तर बाटल्या जमवल्या. नऊ कमी पडल्या. मास्तरांनी दुकानदारांकडून नंबर घेतले आणि त्या नऊ घरांना स्वतः फोन करून, आजच डॉक्टरांना गाठा, असं सांगितलं. त्या मुलांचे बारा दिवस कसे गेले, ते माझ्या कुठल्याच रकान्यात नाही. मला त्याचंच फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसले. "आणखी कुठे कुठे पिवळं आहे?"

"किती वेळाची बैठक आहे?" ताईंनी विचारलं.

"संपेल तेव्हा संपेल."

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं, खुशाल पुसून टाका. पण त्याआधी, ज्याने मला रंगवलं त्याला विचारा की हा रंग का दिला. आणि तो 'फक्त' म्हणाला, की त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. त्या नऊ बाटल्या ताईंच्या त्या राहून गेलेल्या अर्ध्या वाक्यात होत्या.