घोंगड्यावरचे एकवीस दिवस

मला लढाईत गोळी लागली असती तर गावानं माझी कंबर कधीच मान्य केली असती. पण मला लागली ती डाळीची देग. पासष्टच्या लढाईत आमची पलटण पुढं गेली आणि मी, हवालदार हंबीरराव, मागं लंगरात होतो. दीडशे जवानांच्या डाळीची देग चुलीवरून उतरवायला वाकलो, तो पुन्हा नीट सरळ झालोच नाही. डाळीसाठी पदक देत नाहीत. पेन्शन देऊन घरी पाठवतात.

कंबरदुखीचा मोठा दोष असा की ती दिसत नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर हात लावून कळतो. मी मात्र धडधाकट दिसायचो, चार भाकरी खायचो आणि उसाची लावण आली की आडवा व्हायचो. गावानं त्याचा अर्थ लावला.

अर्थ लावणाऱ्यांत पहिला माझा थोरला भाऊ नाथाजी. सत्तर साली लावणीच्या दिवसांत चावडीपुढं, चारचौघांत तो म्हणाला, "आमच्या हवालदाराची कंबर लय शानी हाय. ऊस लावायचा म्हनलं की दुखती, मटान शिजलं की बरी व्हती. समदं सोंग."

लोक पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण हसलं की कळ यायची. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. घर एकच, मधे एक भिंत. त्याला काही सांगायचं असलं की तो बैलाला सांगे. "सर्ज्या, उद्या पाटाला पानी येनार हाय बरं का." मग मी माझ्या म्हशीला सांगे, की बरं, कळलं. अशी पाच वर्षं गेली. दोन्ही जनावरं शहाणी झाली, आम्ही दोघं होतो तिथंच राहिलो. मला दुसरं काही नको होतं. नाथाजीनं एकदा, फक्त एकदा म्हणावं की हंबीर, तुझं खरंच दुखतं. एवढंच.

तेवढं सोडून बाकी सगळं मिळालं. निरगुडीचा पाला मिळाला, एरंडाची पानं मिळाली, तापलेल्या विटेचे चटके मिळाले. गावातला भाऊसो पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, म्हणून त्याची लाथ कंबरेला गुणकारी. त्यानं ती इतकी मनापासून मारली की जुना काही राग आहे का, याचा मी आठवडाभर विचार करत होतो. मग रहिमान पिंजारी म्हणाला, "आवं हवालदार, पाठीला मऊ पायजे," आणि त्यानं कापूस पिंजून वीतभर जाडीची गादी करून दिली. गादी झकास होती. सकाळी मला तिच्यातून उपसून काढायला माझी बायको मनुबाई आणि शेजारची राहीबाई, अशा दोघी लागायच्या.

पंचाहत्तर साली जावई आला. बाळासो कुपवाडला कारखान्यात होता. त्यानं मला मोटारसायकलवर मागं बसवून सांगलीच्या डॉक्टरकडं नेलं. रस्त्यातला एकही खड्डा त्यानं चुकवला नाही. डॉक्टरनं कंबरेचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाला, मणके झिजलेत. मला इतका आनंद झाला की मी तो फोटो चावडीत लावायला मागणार होतो.

"गादी, खाट बंद," डॉक्टर म्हणाला. "एकवीस दिवस सपाट जमिनीवर झोपायचं. रोज अर्धा तास पाय भिंतीला वर टेकवून पडायचं. आणि उठताना झटक्यात उठायचं नाही. आधी कुशीवर व्हायचं, कोपर टेकायचं, श्वास सोडायचा, मग उठायचं."

मनुबाई पलटणीच्या सुभेदारापेक्षा कडक. तिनं खाट परड्यात काढली, भुई सारवली, घोंगडं अंथरलं. तीन भिंतींना धान्याच्या कणग्या, मोकळी भिंत एकच, दक्षिणेची. त्यामुळं माझे पाय दक्षिणेला आले. खोकला होता म्हणून उशाला पाण्याचा तांब्या आणि काढ्यासाठी तुळशीची पानं ठेवली. एवढं करून तिसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन नदीला गेली.

आणि राहीबाई विरजण मागायला आली.

तिनं दारातून पाहिलं. सारवलेली भुई, खाट गायब, माणूस घोंगड्यावर, पाय दक्षिणेला, उशाला पाणी आणि तुळस, डोळे मिटलेले. आमच्याकडं माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याला खाटेवरून भुईवर घेतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. राहीबाईनं विचारपूस केली नाही. विचारपूस करण्यात बातमी शिळी होते. तिनं भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघाली.

मला डुलकी लागली होती. जागा झालो तेव्हा सोप्यात माणसं भरली होती. केरबा तर बांबू घेऊनच आला होता. एरवी त्याच्याकडं कुदळ मागितली तर महिना लागतो.

"सोन्यासारका मानूस," कोणीतरी म्हणालं.

"आन सोसलं किती. कवा तोंडातनं शबुद न्हाई."

चावडीपुढं पोट धरून हसलेलेच हे आवाज. डोळे उघडावेत हे मला कळत होतं. पण ऐकायला फार बरं वाटत होतं आणि मी एका आवाजाची वाट पाहत होतो.

तो आला. पाय ओढत आला आणि माझ्या उशाशी धप्पदिशी बसला. माझा हात हातात घेतला.

"हंबीर," नाथाजी म्हणाला, "तुजं खरंच दुकत हुतं रं. मला म्हाईत हुतं. लोकांम्होरं उगं जीब चालवली मी. आन मग फिरायला लाज वाटली."

पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं. पंचाईत एवढीच की ते मरणाऱ्या माणसाला मिळालं होतं. डोळे उघडले की परत घेतलं जाणार. मी आणखी थोडा वेळ मेलो. मग त्याचं टिपूस माझ्या गालावर पडलं आणि मला माझीच लाज वाटली.

"ह्ये बैलाला सांगाय पायजे हुतंस, दादा," मी म्हणालो.

नाथाजीनं माझा हात टाकला.

"सोंगाड्या," तो म्हणाला. "ह्ये बी सोंगच."

आणि ताडकन उठायला गेला. उठता आलं नाही. पुन्हा जोर केला, हात भुईला टेकले, तोंड वेडंवाकडं झालं, गुडघे जागचे हलेनात. धोतर वर सरकलं तेव्हा मला दिसलं, दोन्ही गुडघे सुजून गरगरीत झाले होते. हे आजचं दुखणं नव्हतं. ते त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

केरबा बांबूवर रेलून म्हणाला, "थोरल्याचं गुडगं बी शानं दिसत्यात."

लोक हसले. आता माझी पाळी होती. चावडीतलं ते वाक्य मी पाच वर्षं घोटून ठेवलं होतं, फक्त कंबरेच्या जागी गुडघा घालायचा होता. मी नाथाजीकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो खाली बघत होता. वाक्य तोंडातच राहिलं.

"जावा आपापल्या घरी," मी लोकांना म्हणालो. "आज कुनी मरत न्हाई."

लोक हिरमुसून गेले. मग मी म्हणालो, "दादा, झटक्यात उटू नगंस. कुशीवर हो. कोपर टेक. श्वास सोड."

त्यानं ऐकलं. कुशीवर होता होता थांबला आणि हळूच म्हणाला, "लय दुकतं रं."

"म्हाईत हाय," मी म्हणालो.

मनुबाई नदीवरून आली तेव्हा आम्ही दोघं भुईवर शेजारी पडलो होतो, पाय दक्षिणेला. तिनं धुण्याची पाटी खाली ठेवली आणि दुसरं घोंगडं आणायला गेली.

केरबाला बांबू परत न्यायची लाज वाटली. आम्ही त्याच्या दोन काठ्या केल्या. लांब ती दादाला दिली. तो थोरला.