रिकामी फेरी

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांना वर-खाली पोचवलं, आणि आमच्याच इमारतीला लिफ्ट नाही. तिसरा मजला, एकोणसाठ पायऱ्या. लिफ्ट तपासनीस म्हणून निवृत्त झाले तरी कंपनी ह्यांना आठवड्यातून दोन दिवस बोलावते, कारण नव्या पोरांना कान नाहीत, असं ह्यांचं म्हणणं. मी तीन दिवस शिवते. दवाखान्यांचे पडदे, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. उरलेले दोन दिवस आम्हा दोघांचे, असं ठरलेलं. प्रत्यक्षात ते लेकीचे. तिची पाच वर्षांची लेक, भिंगरी, आमच्याकडे सोडायची आणि कामावर पळायचं.

भिंगरीवर माझा जीव आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आम्हा दोघांना बघायचं होतं त्या डोंगरातल्या तळ्याला जायची तिकिटं मी दोनदा रद्द केली होती, दोन्ही वेळा लेकीसाठी. नाही म्हणायला मला जमतच नाही. तिसऱ्यांदा तिकिटं काढली आणि तिने फोन केला, "आई, बारा दिवस प्रशिक्षणाला जायचंय, भिंगरीला ठेवशील ना?" आणि मी म्हणाले, "नाही. तुझ्या सासूबाईंना विचार." तिकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. मी अर्धा तास रडले आणि मग माळ्यावरून बॅगा काढायला सांगितल्या.

आता ह्यांची एक पद्धत सांगते. लिफ्ट दुरुस्त झाली की आधी रिकामी चालवायची. दहा मिनिटं, घड्याळ लावून, कान देऊन. काही वाजलं नाही की रिकामी फेरी बंद करायची आणि मग माणसं आत घ्यायची. गावाला जायच्या आधी घराचंही तसंच करायचं, हा ह्यांचा हट्ट. गॅस बंद, पाणी बंद, मेन स्विच बंद, बाहेरून कुलूप, आणि आम्ही दोघं दहा मिनिटं जिन्यात बसायचं. काही विसरलं असेल तर तेवढ्यात आठवतं म्हणे. मी हसायचे, पण बसायचे.

या खेपेला रविवारी दुपारी पहिल्यांदा बसलो. सातव्या मिनिटाला आत माझं शिवणयंत्र सुरू झालं.

ते पायाचं मशीन आहे, माझ्या आईचं. चार टाके घालतं आणि अडखळतं, चार टाके आणि अडखळतं. दुरुस्तीवाल्याने त्याच्यापुढे कधीच हात टेकलेत. लाख मशीनमधून मी ते ओळखेन. हे माझ्याकडे बघत राहिले. कुलूप काढून आत गेलो तर कोणी नाही. फक्त टाचण्या लावून ठेवलेला अभ्रा शिवून झाला होता.

"तूच शिवला असशील," हे म्हणाले.

"टाचण्या मी सकाळी लावल्या. तुमच्यासमोर."

ह्यांनी मशीनला कान लावला, लिफ्टच्या दोराला लावायचे तसा. बराच वेळ लावला. "काही नाही," म्हणाले. त्या दिवशी ताटातलं निम्मं तसंच टाकून उठले.

बुधवारी पुन्हा बसलो. मला नको होतं, पण तपासणी अर्धवट सोडायची म्हणजे ह्यांच्या दृष्टीने पाप. तिसऱ्या मिनिटाला आत कोणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब. तो खोकला मी सदतीस वर्षं ऐकतेय, आणि ज्याचा तो खोकला तो माणूस माझ्या शेजारी पायरीवर तोंड मिटून बसला होता. मग माझा आवाज आला. "घ्या, गार होतोय."

इतक्या गोडीने मी ह्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा चहा दिला नसेल. मग तोच आवाज थोडा वर चढला, मी फोनवर बोलते तसा. "हो गं, ठेव की. त्यात विचारायचं काय?"

अंगावर सर्रकन काटा आला. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या खाली मला कुठेतरी हायसं वाटलं. कोणीतरी हो म्हणणारी आत होती. मग मला 'नाही' म्हणता येणार होतं.

"रद्द करू या का?" ह्यांनी हळूच विचारलं.

"तिसऱ्यांदा? मुळीच नाही. आवाज येतात, येऊ देत. खालच्यांच्या पाइपातून येत असतील."

ह्यांना पाइपाचा आवाज कळतो, हे मलाही ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी निघालो. हे दोन्ही बॅगा घेऊन खाली उतरले. मी कुलूप लावलं. आत मशीन चालू होतं, चार टाके आणि अडखळ. काय झालं कोण जाणे, मला एकदम राग आला. लेकीचा, ह्यांच्या दहा मिनिटांचा, त्या आतल्या गोडबोलीचा. दाराच्या फटीला तोंड लावून मी म्हणाले, "येते गं. आता तूच म्हण सगळ्यांना हो."

मशीन थांबलं. मी पायऱ्या उतरले.

स्टेशनवर दोन तास आधी पोचलो. गाडीची वेळ होत आली, हे बिस्किटांचा पुडा फोडत होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला. आवाज मऊ झालेला. "आई, रागावले त्याबद्दल सॉरी हं. मला माहीत होतं तू शेवटी हो म्हणशील. घाईत नीट बोलता आलं नाही. बाबांनी दार उघडलं आणि भिंगरी तुझ्याकडे पळालीच, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने. बरं, विमानात बसतेय, फोन बंद करते."

मी "ऐक, ऐक" म्हणत राहिले. फोन बंद झाला होता. ह्यांना सांगितलं तेव्हा पुडा ह्यांच्या हातातून पडला. आमची गाडी समोर लागत होती. तिच्याकडे आम्ही पाहिलंसुद्धा नाही.

टॅक्सी कशी मिळाली, एकोणसाठ पायऱ्या कशा चढलो, आठवत नाही. बाहेरचं कुलूप निघालेलं होतं. कडीत लटकत होतं, माझ्याकडच्या किल्लीशिवाय उघडलेलं. मी दार ढकललं. आतून खिट्टी होती. दुपारी मी नेहमी लावते ती.

"भिंगरे," मी हाक मारली. कितीतरी वेळ दोन्ही हातांनी दार बडवत राहिले. "भिंगरे, मी आजी. दार उघड, राणी."

आत छोटी पावलं धावत आली आणि दारापाशी थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता, इतकी जवळ. ह्यांनी खांद्याने दार रेटलं. दार हललंही नाही.

"आजी," भिंगरी म्हणाली. पण मला नाही. ती मागे वळून विचारत होती. "आजी, बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही गं," माझा आवाज आला, गोड आणि निवांत. "ये, दूध गार होतंय."

"पण तुझ्यासारखं बोलतंय."

मग तो खोकला. दोन आखूड, एक लांब. "रिकामी फेरी आहे ती, बाळा," ह्यांचा आवाज म्हणाला. "दहा मिनिटं चालते. मग बंद करायची."

छोटी पावलं आत गेली. मशीन सुरू झालं. मी वळून बघितलं तर हे पायरीवर बसले होते, मनगट डोळ्यांजवळ धरून.

"किती मिनिटं झाली?" मी विचारलं.

"नऊ," हे म्हणाले.