वाफ्याचं डावं टोक

कांद्याचं रोप लावलं की पहिले दोन-तीन दिवस ते एका अंगाला किंचित कलतं. ज्या अंगठ्यानं दाबलं, त्याच्या उलट बाजूला. कलणं फार नसतं, करंगळीच्या पेराएवढं. चौथ्या दिवशी आंबवणीचं पाणी दिलं की रोपं उभी राहतात आणि कोणती ओळ कुणी लावली ते कळेनासं होतं. पण त्या तीन दिवसांत लंकाबाईला कळायचं. पिंपरी पेंढारच्या त्यांच्या मळ्यात बाकी साऱ्या बायकांची रोपं डावीकडे झुकलेली असत आणि वाफ्याच्या डाव्या कडेची एकच ओळ उजवीकडे. ती ओळ तिच्या लेकीची, समृद्धीची.

समृद्धी डावरी होती. लावणीला बायका खांद्याला खांदा लावून बसायच्या तेव्हा तिचं कोपर शेजारणीच्या कोपरावर आदळायचं. शेवटी लंकाबाईच्या सासूबाईंनीच, सरूबाईंनी, तोड काढली. "तू तिकडं डाव्या टोकाला बस गं बये. माझी बरगडी मोडशील." टोकाला बसल्यावर समृद्धीचा हात असा चालायचा की दोन बायकांचं काम ती एकटी उरकायची. मातीत डावा हात चालत होता. ताटावर, वहीवर आणि देवापुढं मात्र तो चालत नव्हता.

समृद्धी पाच वर्षांची असताना एका उन्हाळ्यात तो हात बांधून ठेवला होता. जुन्या लुगड्याची पट्टी, मनगटापासून बोटांपर्यंत, रोज सकाळी. सांगितलं सरूबाईंनी, बांधला लंकाबाईनं. पोर एकदाही रडली नाही. रडली असती तर लंकाबाईनं दुसऱ्या दिवशी पट्टी चुलीत घातली असती. जूनमध्ये समृद्धी उजव्या हातानं पाटी गिरवू लागली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून तिचं अक्षर नीट, पण हात संथ. पेपरात शेवटचे दोन प्रश्न कायम कोरे. दर जूनला शाळेची वह्या-पुस्तकं आली की लंकाबाई मनाशी म्हणायची, यंदा सांगायचं, लिही बाई तुझ्या हातानं. मग पाहुणेरावळे यायचे, पंगती बसायच्या, सासूबाईंची नजर फिरायची आणि जून निघून जायचा. असे आठ जून गेले.

यंदा समृद्धी आठवीत गेली आणि शाळेत मुलींचं गाईड पथक निघालं. विज्ञान शिकवणाऱ्या प्रतिभाबाईंनी ते काढलं होतं. निळा पोशाख, शिट्टी, तंबू ठोकणं, दोरीच्या गाठी. सव्वीस जानेवारीला दीक्षा, म्हणजे झेंड्यापुढं एकेकीनं वचन म्हणायचं आणि मग बाई गळ्यात स्कार्फ घालणार. समृद्धी दिवाळीपासून दुसरं काही बोलतच नव्हती.

"आन स्कार्फ घातला की बाई हात मिळवणार," ती ओट्यावर बसून सांगत होती. "गाईडमधी डाव्या हातानं हात मिळवत्यात. सगळ्या जगात तसंच हाय."

सरूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "डाव्या हातानं? आगं, त्या हातानं काय काय करतो आपण!"

"धुते की मी साबणानं, आजी."

"जगानं धुतला का पर?"

समृद्धीचा बाप भरत हसला. पथकाच्या कागदावर पालकाची सही हवी होती. "बघू," म्हणून त्यानं तो कागद खिशात ठेवला. पंधरा दिवस तो सदऱ्याबरोबर खुंटीवर होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समृद्धी शाळेतून आली. दप्तर ठेवलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, मी नाव काढून घेते. मला न्हाई जमत."

"काय जमत न्हाई?"

"सगळंच." एवढंच बोलून ती गोठ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार, लावणीचा शेवटचा वाफा. ऊन चढलं तशा बांधावरून प्रतिभाबाई येताना दिसल्या, चपला हातात, साडी घोट्याच्या वर धरलेली. भरत लगबगीनं उठला. "या बाई. च्या सांगू का?"

"चहा नंतर. आधी ताईंशी बोलायचंय." त्या लंकाबाईसमोर सरीतच उकिडव्या बसल्या. "काल हात मिळवायची तालीम घेतली. मी डावा हात पुढं केला, तर हिनं आपला पाठीमागं लपवला आणि उजवा दिला. मुली हसल्या. मग गाठीची परीक्षा. हिची गाठ तीनदा सुटली. मी म्हटलं, अगं, दुसऱ्या हातानं करून बघ. तर म्हणाली, आईला चालणार नाही."

लंकाबाईच्या मुठीतली रोपं निसटली. आजीला चालणार नाही, असं पोर म्हणाली नव्हती. आईला, म्हणाली होती.

लंकाबाईनं वाफ्याच्या टोकाकडे बघितलं. समृद्धी मान खाली घालून लावत होती, आणि डावा हात मात्र कुणाचं काही न ऐकता भराभर चालला होता.

"बाई, तुमचं खरं असंल," सरूबाई मवाळपणे म्हणाल्या. "पर उद्या तिचं लगीन व्हायचं. भरल्या पंगतीत डाव्या हातानं वाढलं तर कुणाला नावं ठेवतील? आमाला न्हाई, तिला ठेवतील. माझ्या पोटात का माया न्हाई व्हय? म्हनून तर बोलते."

ते खोटं नव्हतं. समृद्धीला ताप आला की रात्रभर बसणारी म्हातारी तीच होती. म्हणूनच इतकी वर्षं लंकाबाईला तिच्यापुढं शब्द फुटत नव्हता.

"बघू की," भरत म्हणाला. "आता लावणीची घाई हाय. पुढल्या वर्षी जाईल गाईडात. काय पळून चाललंय का?"

"तुमी त्यो कागद काढा," लंकाबाई म्हणाली.

"आँ?"

"खिशातला कागद काढा आन सही करा."

बायकांचे हात थांबले. लंकाबाई उठून उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर कमरेला खोचलेला. सासूकडे तोंड करून ती बोलली, आवाज खाली न आणता.

"आत्याबाई, तुमी मायेनंच सांगितलं व्हतं. पर हात मी बांधला, आन तवापास्नं रोज मला ते सलतंय. पंगतीत कुनी नावं ठिवली तर माझ्याकडं धाडा, मी ऐकून घेईन." मग ती टोकाकडे वळली. समृद्धीनं मान वर केली होती. "समे, तू गाईडात जायचं. उद्यापास्नं डाव्या हातानं लिहायचं, डाव्या हातानं जेवायचं, आन बाईंनी हात पुढं केला की तुझा डावाच द्यायचा. आईला चालतंय."