चांदोलीच्या वाटेवरचा सत्कार

मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवला. सह्याद्रीच्या रांगा फळ्यावर डोळे झाकून काढायचो. प्रत्यक्षात मी चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आमच्या अपार्टमेंटची गच्ची, तीही टाकीत पाणी आलंय का ते बघायला. तरीही आमची महेश्वरी जेव्हा म्हणाली, "मला एकदा खरं जंगल बघायचंय, माझ्या पायानं चालून," तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेतो. सगळं माझ्यावर सोड."

तिच्या मागणीला कारण होतं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली की तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी कितीही धीर दिला तरी आपल्याला पुन्हा नीट चालता येईल की नाही, हा घोर तिच्या मनातून जात नव्हता. म्हणून जे काही चालायचं ते आधीच, असं तिनं धरलं होतं.

"सगळं माझ्यावर सोड" हे वाक्य कानावर पडलं की बायको ज्वारीच्या पिठाचा डबा काढते. या वेळीही तिनं कडक भाकऱ्यांची चळतच केली. एका मुक्कामाच्या सहलीला पंधरा दिवस टिकणाऱ्या भाकऱ्या कशाला, असं मी विचारलं. "इर्ली बिड्री," ती म्हणाली. म्हणजे असू द्या. ती कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची आहे आणि वाद संपवायचा असला की कानडीत संपवते.

माझ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे माझे विद्यार्थी. बुकिंग त्यांनी करावं ज्यांना कुणी ओळखत नाही, असं माझं मत. महाराष्ट्रात कुठंही उतरा, माझा एक तरी विद्यार्थी पाया पडायला वाकतोच. मिरजेत दिग्विजय होता. त्याची स्वतःची जीप, शिवाय उद्यानाच्या गेटवरचा माणूस त्याच्या ओळखीचा. "सर, तुमी काळजीच करू नका," असं तो फोनवर म्हणाला. हा पोरगा नकाशात सह्याद्री राजस्थानात दाखवायचा, एवढं मला त्याच्या गाडीत बसण्याआधी आठवायला हवं होतं.

शनिवारी पहाटे आम्ही सात रस्ता चौकात उभे राहिलो. खासगी ट्रॅव्हल्सची गाडी आलीच नाही. फोन केला तर माणूस म्हणाला, "गाडी निघालीय." कुठून निघालीय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी दुसऱ्याच एका बसच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी गुडघे पोटाशी घेऊन आम्ही मिरज गाठलं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, जावईबापूंनी लेकीला बरंच फिरवलं.

दिग्विजय जीप घेऊन हजर होता. म्हटलं, आता गंगेत घोडं न्हालं. पण इस्लामपूरच्या अलीकडं त्यानं गाडी आत वळवली. त्याच्या सासुरवाडीत मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, कर्णा लावलेला होता.

"सर, फक्त पाच मिनिटं. तुमचा छोटासा सत्कार."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. गेट दुपारी बंद होतं हे मला माहीत होतं. मी महेश्वरीकडं बघितलं. ती मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होती. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढच्या खुर्चीत पाय लांब करून बसली. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. इथपर्यंत पाच मिनिटांचंच काम होतं. पण कुणीतरी म्हणालं, "सरांनी दोन शब्द बोलावेत."

शिक्षकाला दोन शब्द बोलायला सांगणं म्हणजे म्हशीला डबकं दाखवणं. मी सह्याद्रीच्या जन्मापासून सुरुवात केली. लाव्हा बाहेर काढला, तो थर थर करून पसरवला, आणि तो थंड होईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. पायी भटकण्याचे फायदे सांगताना तर मी असा रंगात आलो की समोर बसलेल्या बायकोचा सुजलेला गुडघा मला दिसलाही नाही.

पुढं शिराळ्याजवळ जीप पंक्चर झाली. स्टेपनी काढली तर ती आधीच पंक्चर. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा आडवा बांबू खाली आला होता. दिग्विजयच्या ओळखीच्या माणसाची बदली झाली होती.

"आता आत सोडता येत न्हाय," नवा वनरक्षक म्हणाला.

"मी भूगोलाचा शिक्षक आहे," मी म्हणालो. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ.

"मग अंधार कधी पडतो ते तुमाला ठावं असंल की."

बांबूच्या पलीकडं लाल वाट झाडांत वळत होती. एवढी एकच गोष्ट तिनं मागितली होती आणि मी ती एका शालीपायी घालवली. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. "महेश्वरी, चुकलं माझं," मी कसंबसं म्हणालो.

ती शांतपणे पुढं आली, पर्समधून मोबाईल काढला आणि वनरक्षकासमोर धरला.

"मॅडम, तुमचं बुकिंग उद्या सकाळचं हाय की," तो एकदम मऊ झाला. "वाटाड्या पण सांगून ठेवलाय. सावकाश चालणारा."

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

"आरोहीकडून करून घेतलं." आरोही म्हणजे आमची लेक. ती पुण्यात असते आणि आईच्या सगळ्या कटांत सामील असते.

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?" माझा पारा चढला. मान हलली तसा फेटा डोळ्यांवर आला.

"हाय की. पक्का विश्वास हाय. म्हणूनच एक दिवस पुढचं घेतलं."

त्या रात्री गावातल्या एका घरगुती लॉजवर आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं. सगळ्यात जास्त दिग्विजयनं खाल्लं.

सकाळी महेश्वरी काठी टेकत निघाली. दहा पावलं चालायची, थांबायची, वर बघायची. शेकरू दिसलं तेव्हा तिनं माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला. माझे नवे बूट टाचेला चावत होते, त्यामुळे दोघांत जास्त लंगडत मीच होतो. वाटाड्यानं तर मलाच विचारलं, "गुडघ्याचा त्रास तुमालाच हाय न्हवं?"

डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर पोचल्यावर ती कातळावर बसली. समोर डोंगराच्या रांगांमागं रांगा होत्या, शेवटच्या तर आभाळातच मिसळलेल्या. तिनं काठीनं त्या रांगांकडं दाखवलं.

"तुमी फळ्यावर काढत होता ते हेच काय ओ?"

"हेच."

"लई बारकं काढत होता."

वाटाड्या हसला. तीही हसली. मग गुडघा चोळता चोळता तिनं विचारलं, "ऑपरेशन करणारा सोमेश पण तुमचाच विद्यार्थी न्हवं?"

"होय. फार हुशार पोरगा."

"त्यो शाल घेऊन आला तर तितं बसू नका. मी शुद्धीवर येईन तवा तुमी समोर पायजे." ती डोंगराकडंच बघत होती. "तितं दुसऱ्या दिवसाचं बुकिंग नसतंय."

तिला भीती वाटतेय हे मला माहीत होतं. मलाही वाटतेय, हे तिथं कळलं. मी तिचा हात हातात घेतला.

खाली गेटजवळ दिग्विजय हार घेऊन उभा होता. सोबत गावची पाच-सहा माणसं.

"सर, हितल्या शाळेचे हेडमास्तर थांबलेत. फक्त पाच मिनिटं."

"आज नाही," मी म्हणालो. "आधी बाईंना घरी पोचवायचंय."

दिग्विजयनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला नापास केलंय. हार शेजारी उभ्या हेडमास्तरांच्या हातात देऊन तो आमच्यासोबत जीपमध्ये बसला, चावी फिरवली. जीप खोकली आणि गप्प झाली. त्यानं पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

मागच्या सीटवर महेश्वरी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी सीटवर पडलेली कालची शाल कमरेला बांधली, खाली उतरलो आणि हेडमास्तरांना म्हणालो, "या सर, तुम्हीही हात लावा."

आणि आम्ही जीप ढकलायला लागलो.