लायसनबुवाची काळी पट्टी

त्या रविवारी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, दातांच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात, चौदा माणसं डोळे गच्च मिटून उभी होती. चांगली शिकली-सवरलेली माणसं हो! खुद्द डॉक्टर, त्यांची बायको, दुसऱ्या मजल्यावरचे वकील, बँकेतून निवृत्त झालेले काका आणि माझी सख्खी थोरली बहीण. संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवलेला होता आणि मधल्या फटीत खुर्ची घालून लायसनबुवा बसला होता.

हे नाव इमारतीनेच ठेवलेलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सव्वा वर्षापूर्वी आम्हा सगळ्यांना संगणक विकले आणि आतले प्रोग्राम कायमचे आहेत असं छातीठोकपणे सांगितलं. निघाले वर्षाच्या मुदतीचे. वर्ष सरताच घरोघरी पडद्यावर पिवळी सूचना झळकायला लागली : ‘आपला परवाना वैध नाही. प्रोग्राम लवकरच बंद होईल.’ दुकानदार तोवर दुकान विकून पसार झाला होता. मग कुणाच्या तरी ओळखीतून हा बुवा उगवला.

“यंत्र वाईट नसतं,” तो मधाळ आवाजात सांगत होता, “ते घाबरलेलं असतं, म्हणून ओरडतं. मी त्याची समजूत काढतो. पण कुणी बघत असलं की ते लाजतं. डोळे मिटा. श्वास सोडा.”

“लाजतं? पत्र्याचं खोकं लाजतं?” मी विचारलं.

“गप्प बस गं!” ताईने मिटल्या डोळ्यांनीच मला कोपर मारलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. डोळे मिटून काही शिकता येतं यावर माझा विश्वास नाही, म्हणून मी डोळे उघडेच ठेवले. दिसली फक्त बुवाची पाठ. ऐकू आल्या माउसच्या पाच-सहा टिचक्या. मग त्याने पडदा वळवला आणि पिवळी सूचना गायब! डॉक्टरांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. बुवाने खिशातून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा काढला आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर चिकटवला.

“इथून यंत्राची ताकद गळते. ही पट्टी काढलीत तर सूचना दुप्पट जोराने येईल. मग मला दोष देऊ नका.”

“आणि इंटरनेटवरची पानं उघडत नाहीत त्याचं काय?” काकांनी भीत भीत विचारलं. त्यांच्या घरी बुवा आदल्या आठवड्यात येऊन गेला होता.

“यंत्र विश्रांती घेतंय, काका. लहान मुलाला आपण ताप उतरल्या उतरल्या पळवतो का?”

काकांनी मान डोलावली. माझं डोकं सटकलं, पण ताईने हात घट्ट धरून मला वर नेलं. तिच्या पडद्यावरही तीन आठवड्यांपासून तीच पट्टी होती.

आता ताईचं काम सांगते. ज्यांचे पाय वाकडे आहेत, अपघाताने किंवा जन्माने लहान-मोठे आहेत, त्यांच्यासाठी खास बूट बनवणारा एक कारखाना आहे. ताई लोकांच्या घरी जाऊन पायांची मापं घेते, घरच्या संगणकावर साचा आखते आणि दर शुक्रवारी पेन ड्राइव्हवर कारखान्यात नेते. तिथला कारागीर त्याबरहुकूम चामडं कापतो. एकवीस वर्षांत तिचं माप चुकलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, कारखान्यातून फोन आला. एका सात वर्षांच्या मुलीचा डावा बूट परत आला होता. तिच्या पायाची शस्त्रक्रिया झाल्यावर ताई नवीन माप घेऊन आली होती. नवीन बूट घालून मुलगी हौसेने शाळेत गेली आणि टाचेचं सालटं निघून घरी आली. कारागिराने बूट पाठवून दिला. आतल्या अस्तरावर रक्ताचा डाग होता.

ताई तो बूट मांडीवर घेऊन बसून राहिली.

“जुन्या मापाचा झालाय गं हा. ऑपरेशनच्या आधीच्या. मीच घोळ घातला असणार. वय झालं माझं. उद्या जाऊन सांगते, दुसरं कुणी बघा म्हणून.”

“ताई, तुझं चुकलं की कारखान्याचं, आधी बघू तर दे.”

“बघायचं काय? पोरीच्या टाचेतून रक्त आलं!” ती माझ्यावर खेकसली आणि रडायला लागली. मी तिला असं रडताना आई गेली तेव्हाच पाहिलं होतं.

मी तिचा संगणक उघडला. मुलीचा साचा काढला. माप बरोबर होतं! शस्त्रक्रियेनंतरचं, ताईने वहीत लिहिलेलं, तंतोतंत तेच. मग फायलीवरची तारीख पाहिली. दोन आठवड्यांपूर्वी आखलेल्या साच्यावर गेल्या वर्षीची तारीख! मी नख घालून ती काळी पट्टी फाडून काढली. खाली घड्याळ होतं. दिवस आजचा, महिना आजचा आणि साल मात्र मागचं.

हात्तिच्या! एवढाच तुझा चमत्कार?

बुवाने तारीख एक वर्ष मागे नेली होती. प्रोग्रामला वाटलं, मुदत अजून शिल्लक आहे, म्हणून तो गप्प बसला. वेबसाइट उघडतानाही तारीख तपासली जाते. ती जुळली नाही म्हणून त्या उघडेनाशा झाल्या. आणि कारागिराला फोन केल्यावर कळलं, कारखान्यातल्या संगणकाला सवय अशी की एकाच नावाच्या दोन फायली आल्या तर ज्या फायलीवरची तारीख ताजी ती ठेवायची, दुसरी पुसायची. तिथे मुलीचा सहा महिन्यांपूर्वीचा जुना साचा होता. ताईच्या नव्या साच्यावर वर्षापूर्वीची तारीख पडलेली. त्याने इमानदारीत नवा पुसला आणि जुना कापायला दिला.

रविवारी वकिलांच्या घरी पुन्हा मेळा भरला. बुवा म्हणाला, “डोळे मिटा.”

“उघडा!” मी म्हटलं आणि त्याच्या हातातला माउस काढून घेतला. “आज समजूत मी काढते. सगळ्यांनी नीट बघा.”

“बाई, यंत्राचा अपमान होतोय,” बुवा उठू लागला.

“बसा खाली. शिकून जा.”

पडदा सगळ्यांकडे वळवून मी तारीख वर्षभर मागे नेली. सूचना गेली. खरी तारीख घातली, सूचना आली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. काकांना पुढे बोलावलं, त्यांच्याकडूनही करून घेतलं. काका चक्क खूश झाले, मग लाजले.

“ठीक आहे,” वकील घसा खाकरत म्हणाले, “युक्ती असेल. पण सूचना जात होती ना? आपलं काय बिघडलं?”

तेव्हा ताई पुढे आली. तिने तो चिमुकला बूट वकिलांच्या हातात दिला आणि अस्तर उलटून दाखवलं.

“हे बिघडलं,” ती म्हणाली.

डॉक्टर खाली बघायला लागले. त्यांच्या संगणकात रोग्यांच्या नोंदी होत्या, गेल्या आठवड्याच्या सगळ्या चुकीच्या सालातल्या. ते तडक जिना उतरले, बहुधा पट्टी काढायला. बुवाही त्याच गडबडीत सटकला, आणि त्याला अडवायचं कुणाला सुचलंच नाही याचा मला अजून राग आहे.

त्याला मी भामटा म्हणते, पण आपल्याला काय म्हणायचं? सूचना मराठीत होती. दोन वाक्यांची होती. ती वाचून रीतसर परवाना घ्यावा, नाहीतर फुकट मिळणारा दुसरा प्रोग्राम शोधावा, हे चौदा जणांत एकालाही सुचू नये? जो माणूस काय करतोय ते दाखवत नाही, त्याला आपल्या वस्तूला हात लावू देऊ नका. एवढं साधं आहे हे.

ताईने काम सोडलं नाही. तिने परवाना घेतला, तारीख नीट केली, साचा स्वतः कारागिरासमोर उघडून तपासला आणि नवा बूट घेऊन त्या मुलीकडे गेली. मी सोबत होते. मुलीच्या आईला तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या मूर्खपणासकट. मुलगी पाय मागे ओढून बसली होती.

“हा नाही ना दुखणार?”

“मला वाटतं, नाही दुखणार,” ताई तिच्यापुढे जमिनीवर बसत म्हणाली. “पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. घाल, चालून बघ, आणि जरा जरी टोचलं तरी लगेच सांग.”