लिंबाखालचा वर्ग

विरुपाक्ष मास्तरांनी दोन फूटपट्ट्यांचा चिमटा केला आणि मेलेला उंदीर उचलून रद्दी कागदावर घेतला. उंदीर चांगला थोराड होता. अंगावर कुठं जखम नाही, रक्ताचा ठिपका नाही. मास्तरांनी त्याला पट्टीनं उलटवून, पुन्हा सुलटवून पाहिलं. मानेवर दाताचा एखादा ओरखडा सापडला असता तर त्यांनी सोलापुरातल्या यच्चयावत मांजरांना दुवा दिला असता. पण ओरखडा नव्हता. उंदीर रात्री कधीतरी आपल्या पायांनी वर्गाच्या मधोमध आला होता आणि फळ्यासमोर आडवा झाला होता.

मास्तरांनी कागदाची कडा लांबूनच धरली, तो शाळेच्या मागं नेला, रात्रीच्या वर्गाच्या कंदिलातलं रॉकेल त्यावर ओतलं आणि काडी लावली. पट्ट्याही त्यातच टाकल्या. वास सुटला तसं नाकाला उपरणं लावून ते वाऱ्याची दिशा पाहू लागले.

उंदीर पडला म्हणजे काय, हे त्या काळात सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. उंदीर मरतो, त्याच्या अंगावरच्या पिसवा भुकेल्या होतात आणि माणसाचं अंग शोधत निघतात. मग कुणाच्या काखेत, कुणाच्या जांघेत गाठ येते. म्हणून उंदीर दिसला की त्याच पावली म्युनिसिपालटीत वर्दी द्यायची, इमारत सोडायची, दाराला कुलूप लावायचं. हे सगळं मास्तर स्वतः मुलांना शिकवत आले होते. गेल्याच महिन्यात त्यांनी फळ्यावर पिसवेचं चित्र काढलं होतं आणि ते बैलाएवढं झाल्यामुळं पोरं दोन दिवस हसत होती.

पण वर्दी आज द्यायची कशी? आज दहा वाजता स्कूल बोर्डाचे चेअरमन आणि शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब शाळा बघायला येणार होते. गावाबाहेरच्या पेठांतल्या एका शाळेत, एकाच, या वर्षी इंग्रजी पहिलीचा, म्हणजे चौथीच्या पुढचा, वर्ग निघणार होता. दर वर्षी एकेक इयत्ता चढत पुढं त्याचं हायस्कूल व्हायचं होतं. नाक्यापलीकडच्या शाळेनं तर भिंतींना चुना लावून कधीच कंबर कसली होती. ही शाळा प्लेगची म्हणून आज बंद झाली, तर साहेबमंडळी टांगा तसाच पुढं नाक्याकडं वळवणार, यात शंका नव्हती.

शहरातली हायस्कुलं रेल्वे रुळांच्या पलीकडं, चांगली पायपीट करून जायच्या अंतरावर. चाळीतली पोरं चौथी झाली की वर्ष-दोन वर्षं उंडारायची आणि बाराची झाली, किंवा झाली असं बापानं सांगितलं, की गिरणीत शिरायची. मागं पहिला आलेला गुरप्पा आता गिरणीत सुताची बॉबिनं उचलत होता. केसांत कापूस घेऊन सुटीच्या भोंग्याला बाहेर पडायचा आणि रस्त्यात मास्तर दिसले की तोंड फिरवायचा. लाजायचं त्यानं की मास्तरांनी, हे दोघांनाही अजून ठरवता आलं नव्हतं.

एक दिवस, मास्तरांनी मनाशी म्हटलं. नुसता आजचा एक दिवस. साहेब गेले की संध्याकाळी आपणच वर्दी देऊ. उंदीर कधी सापडला असं कोण विचारतंय? आत्ताच सापडला म्हणायचं. आणि तोवर एकाही पोराला आत पाऊल टाकू द्यायचं नाही.

त्यांनी खिडक्या लावल्या, दार ओढलं, कडी घातली आणि अंगणातल्या लिंबाखाली पोरांना बसायला फरशीचे तुकडे मांडायला सुरुवात केली.

पोरं जमू लागली. मास्तर एकेकाचं तोंड बघत होते. कुणी खोकलं की त्यांचं काळीज लक्कन हलायचं. कुणी पोटरी खाजवली की ते तिथं जाऊन उभे राहायचे.

"काय झालंय रे पायाला?"

"डास चावला की मास्तर."

"कुटं? घरी का हितं?"

पोरगं गोंधळून त्यांच्याकडं बघत राहिलं. इतक्या बारकाईनं डासाची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

दुसरा एक जण उठून दाराकडं निघाला.

"मास्तर, माजी पाटी आत ऱ्हायली हाय."

"बस खाली!"

मास्तर इतक्या जोरात ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले. मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली. त्यांनी आपल्या पिशवीतली पाटी त्याला दिली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

दहाच्या सुमारास टांगा आला. चेअरमन चनमल्लप्पा पुढं उतरले. भुसार बाजारातलं मोठं नाव, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि शाळा काढायची म्हणजे काढायचीच असा स्वभाव. मागून डेप्युटीसाहेब उतरले, बारीक अंगाचे, पुण्याकडचे, कमी बोलणारे. शेवटी शेरेबुक काखेत धरून बोर्डाचा शिपाई धुळा.

लिंबाखाली भरलेली शाळा पाहून डेप्युटी जागीच थांबले.

"वर्ग बाहेर का?"

मास्तरांनी हे उत्तर सकाळपासून घोकलं होतं.

"साहेब, मोकळ्या हवेत पोरांचं ध्यान जास्ती लागतं असं माझ्या पाहण्यात आलंय. आणि शिवाय… आज खोली सारवून घेतलीय. ओलं आहे. पाय उमटतील."

"म्हणून खिडक्यासुद्धा लावल्यात?" चेअरमननी विचारलं.

"वाऱ्यानं भेगा पडतात सारवणाला."

चेअरमनच्या घरी जन्मभर अंगण सारवलं जात होतं. त्यांनी भुवया वर केल्या, पण त्यात आपल्याला काय कळतंय अशा थाटात मान हलवली. मास्तरांच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरला. तोही त्यांना क्षणभर पिसवेसारखा वाटला.

मग डेप्युटींनी पोरांना विचारायला सुरुवात केली आणि पोरांनी मास्तरांचं नाव राखलं. पाढे म्हटले. काठीनं मातीवर भीमा नदी काढली, सीना काढली, कुठं कुणाला मिळते ते दाखवलं. सावली कुठल्या बाजूला पडते त्यावरून दिशा सांगितल्या. एकीनं तर लिंबाचं पान तोडून त्याच्या दोन्ही बाजूंचे करवती दाते सगळ्यांना मोजायला लावले. हे काही मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं. बाहेर बसल्यामुळं तिला आपलं सुचलं होतं. डेप्युटी ते पान बोटात धरून बराच वेळ उभे राहिले. मास्तर मात्र तिच्या अनवाणी पायांकडं बघत होते.

"मास्तर," डेप्युटी म्हणाले, "मी बऱ्याच शाळा पाहिल्या. मुलं इतकी मोकळी मला कुठं दिसली नाहीत. इंग्रजीचा वर्ग इथंच निघावा, असं मी लिहितो."

ते टांग्याच्या पायरीवर टेकले आणि त्यांनी शेरेबुकात लिहिलंही. धुळ्यानं शाई टिपली. चेअरमननी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली.

"झालं की वो मास्तर तुमच्या मनासारखं. आता रडताय कशाला?"

मास्तर खरंच डोळे पुसत होते. वर्ग मिळाला होता. कुणी आत गेलं नव्हतं, कुणाला काही झालं नव्हतं. आता यांचा टांगा वळला की पोरांना घरी पाठवायचं आणि थेट म्युनिसिपालटी गाठायची. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी धुळ्यालासुद्धा नमस्कार केला.

टांगेवाल्यानं लगाम हातात घेतला. पण चेअरमन चढेनात. ते हनुवटी खाजवत बंद दाराकडं बघत होते.

"साहेब, एक सुचतंय बघा. ही पोरं बाहेरच शिकणार, आणि झ्याक शिकणार. मग खोली रिकामी कशाला ठेवायची? बाळाबाईंच्या बालवर्गाचं छप्पर खाली आलंय. लेकरं मठाच्या पडवीत बसत्यात, तिथं आता स्वामींची माणसं उतरणार. त्यांना आणू या की हितं. पावसाळ्यापत्तोर छप्पर होईल."

"उत्तम," डेप्युटी म्हणाले.

"उद्यापास्नं आणू," मास्तर घाईनं म्हणाले. "आज सारवण ओलं आहे."

"आवो, आता ऊन किती चढलंय. दगडसुद्धा वाळला आसंल." चेअरमन हसले. "धुळा, पळ. मठात जा, बाई आन् लेकरं घिऊन ये. हितनं दोन गल्ल्या तर हाय. साहेबांच्या देखत बसवून टाकू."

धुळा गेला. मास्तरांनी त्याला थांबवण्यासाठी हात उचलला, आणि उचललेल्या हातानं नुसतंच उपरणं सारखं केलं. सांगायचं तर आत्ता. पण त्यांनी लिंबाखाली पाहिलं. पोरांना काहीतरी चांगलं झालंय एवढं कळलं होतं, आणि ती एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होती. बाळाबाई नसतील मठात, मास्तरांनी स्वतःला सांगितलं. लेकरं जेवायला गेली असतील. काहीतरी होईल.

काही झालं नाही. थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी बालवर्गाची रांग दिसली. प्रत्येकानं पुढच्याचा सदरा नाहीतर परकर मुठीत धरला होता. पुढं बाळाबाई, डोक्यावर पदर, हातात एक रडकं पोर. बालवर्गाला मोठ्या शाळेत जायला मिळणार म्हणून बाकीची सगळी तोंडं उजळलेली होती.

धुळ्यानं पुढं होऊन कडी काढली, दार ढकललं. आतला गार काळोख बाहेर आला. मास्तर धावले आणि चौकटीला दोन्ही हात लावून दारात उभे राहिले.

"सरा की मास्तर," बाळाबाई म्हणाल्या. "लेकरं उनात हायत."

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगायचे होते दोन शब्द. ते दोन शब्द बोलले की वर्ग गेला, हायस्कूल गेलं, कदाचित नोकरीही गेली. आणि गुरप्पाच्या मागोमाग ही लिंबाखालची सगळी पोरं भोंग्याला हजर. त्यांची नजर डेप्युटींच्या हातातल्या शेरेबुकावर गेली आणि तिथंच अडकली.

एवढ्या अवधीत रांगेतली पहिली मुलगी वाकली आणि त्यांच्या हाताखालून आत गेली. असेल पाच वर्षांची. ती सरळ चालत गेली आणि सगळ्यात चांगली जागा निवडून, बरोबर फळ्यासमोर, मांडी घालून बसली. तळहात दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकवून तिनं बाहेरच्यांकडं मोठ्या ऐटीत पाहिलं.

मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मराठी नव्हता, कानडी नव्हता. त्यांनी आत धाव घेतली, तिला काखेत हात घालून उचललं आणि बाहेर आणलं. ओट्यावर बसून त्यांनी तिला मांडीवर घेतलं. उपरण्यानं तिचे तळहात पुसले, पावलं पुसली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, घोटे पाहिले, परकराची कड झटकली, गुडघ्यामागं पाहिलं, पुन्हा पावलं पुसली. पोरीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळू लागली.

तिच्याशिवाय कुणी हसलं नाही. सोलापुरात ज्यानं एक तरी हिवाळा काढलाय, त्याला लेकराच्या पायावर असं काय शोधतात हे विचारावं लागत नाही. बाळाबाईंनी दोन्ही हात पसरून मागची रांग मागं रेटली. चेअरमन ओट्यापासून चार पावलं हटले आणि त्यांनी धोतर झटकलं.

"कधी?" डेप्युटींनी विचारलं.

"सकाळी," मास्तर म्हणाले. मान वर न करता. "शाळा भरायच्या आधी."

डेप्युटींनी वळून लिंबाकडं पाहिलं. तिथं पोरं उठली होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. घंटा झाली नव्हती, रांग केली नव्हती. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले आणि ती सगळी निमूटपणे अंगणातून बाहेर पडली, दर वर्षी पडतात तशी.

"मास्तर, तुम्ही…" डेप्युटी बोलू लागले. शेरेबुक त्यांनी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. धुळ्यानं दौत पुढं धरली. ती त्यांनी घेतली की नाही, हे मास्तरांनी पाहिलं नाही.

"बाई," मास्तरांनी विचारलं, "हिला प्लेगचं टोचलंय का?"

बाळाबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं होतं.

"डागदर आल्ते तवा हिची आई न्हाई म्हणली. ताप येतो म्हणून."

"घर कुटं हिचं?"

"चाळीच्या मागं. न्हाणीजवळचं. मी येऊ का संगट?"

"नको. तुमी लेकरं बघा."

मास्तर उठले. त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं, तिचे पाय आपल्या एका हातात गोळा केले आणि उघडं दार, टांगा, साहेब सगळं मागं सोडून ते चालू लागले. तिच्या आईला काय सांगायचं, आणि उंदीर किती वाजता सापडला असं सांगायचं, याची जुळवाजुळव ते करत होते आणि ती काही केल्या होत नव्हती.

"मास्तर," मुलगी वरून म्हणाली, "सगळ्यात पयली मीच आत गेले की न्हाई?"

"व्हय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तिला उन्हाच्या बाजूच्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.