पहिल्या सुपाचं घर

पानशेतचा पूर पुण्यातून गेला, तो नदीकाठच्या पेठेतली बुरुडांची गल्ली धुऊन गेला. धोंडाबाई कोयती तेवढी कमरेला खोचून पौडला, धाकट्या भावाकडे, कुशाबाकडे आली. मालक केव्हाच गेलेला, लेकरूबाळ नाही. तेव्हा तिनं आता इथंच राहायचं, हे कुशाबानं तिला न विचारताच ठरवून टाकलं.

"आक्का, हितं कळकाचं बेट दारात हाय. तितं काय उरलंय? चिखल!"

"चिखलावर बायका हायेत की," धोंडाबाई म्हणे आणि कामट्या तासत राही.

ती विणत होती ती सुपं तिच्या पेठेतल्या घरांसाठी. बुरुडांत घरं ठरलेली असतात. नवी सून पहिल्या गौरीला ओवसा करते, फळाभाज्यांनी भरलेलं सूप गौरीपुढं ओवाळते. ते पहिलं सूप जिनं विणलं, ती त्या सुनेची जन्माची बुरडीण. पुढं बारशाची दुरडी तिची आणि घरातलं कुणी गेलं तर तिरडीचे बांबूही तिचेच. दुसरीनं त्या उंबऱ्याला जायचं नाही. ही घरं धोंडाबाईला सासूनं दिली होती. आता घरं पडली, माणसं शाळांतून, पत्र्याच्या खोल्यांतून पांगली. या गौरीला ती गेली नाही, तर बायका बाजारातून पत्र्याची सुपं आणतील. आणि पत्र्याचं सूप एकदा घरात आलं की मोडत नाही, ही त्याची फार वाईट खोड.

गौरी तोंडावर आल्या. कुशाबाची बायको रंभाबाई कळक आणायला गेली होती, तेवढ्यात हैबतराव पाटलांची सारजाबाई नव्या सुनेला घेऊन दारात आली.

"रंभा न्हाई व्हय? मग तुमीच द्या. पोरीचा पयला ओवसा हाय."

धोंडाबाईनं आपल्या सुपांना हात लावला नाही. भिंतीवरचं रंभाबाईनं विणलेलं सूप काढलं आणि पोरीच्या ओटीत घातलं. भावजयीचा हक्क राखला, म्हणून तिला बरंही वाटलं.

रंभाबाई आली, ऐकलं आणि मोळीसकट खालीच बसली.

"वन्सं, काय केलंत ह्ये?"

"तुमचंच सूप दिलं की!"

"पुण्यात इणणारणीचं घर आसंल. हितं ओटीत घालणारणीचं आसतंय. पाटलाचं घर गेलं माझं."

"गेलं कुटं?" कुशाबा खूश. "आक्काकडं आलं! बग आक्का, आता हितलंबी घर झालं तुला. आता कशाला जातीस?"

रंभाबाई भांडली नाही. पहिली गरम भाकरी तिनं नणंदेच्याच ताटात वाढली, वर तूप घातलं. धोंडाबाईला वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं. आपण इथं राहिलो तर दारात येणाऱ्या प्रत्येक सुनेपुढं दोघींची सुपं पुढं होतील, हे तिला दिसत होतं. आणि तिकडं पेठेत आपल्या सुना हात हलवत उभ्या असतील, हेही.

सकाळी तिनं सुपांचा भारा बांधला.

"चाललात व्हय, माझं घर घिऊन?" रंभाबाई म्हणाली.

"दिल्यालं सूप माघारी घेता येत न्हाई, वयनी. त्या पोरीला दर गौरीला सूप मी यिऊन घालीन. बाकी टोपल्या, दुरड्या समदं तुमी द्या."

"आन तिरडी?"

"तीबी तुमचीच. येवढ्या लांबनं घाईनं कुटं येववतंय मला?"

रंभाबाईला हसू आवरेना. भारा तिनंच डोक्यावर घेतला आणि एसटीपर्यंत पोचवला. कुशाबा मागून हात हलवत, तोंड पाडून चालला होता.

गल्लीत चिखल वाळून भेगाळला होता. कुणी विटा निवडत होतं, कुणी तट्ट्या उभ्या करत होतं. आपला उंबरा जिथं असावा तिथं धोंडाबाईनं गोणपाट टाकलं आणि सुपं मांडली. दुपार कलली तरी कुणी आलं नाही.

मग पलीकडून गोजराबाई आली, सासूच्या वेळचं गिऱ्हाईक.

"अगं, होतीस कुठं? आम्ही काल पत्र्याचं सूप आणलं की!"

धोंडाबाई सुपं आवरू लागली.

"पण ओवशाला ते कसं चालेल? दाणे टाकले की नुसतं खणखणतं. सून रुसून बसलीय. एक दे. दोनच दे, आमच्या शेजारच्या खोलीला दार नाही अजून, पण सून आलीय."

धोंडाबाई सुपांचे काठ चाचपून त्यातली दोन निवडू लागली.

"राहतेस कुठं आता?"

"हितंच."

गोजराबाईनं वर पाहिलं. वर आभाळ होतं.

"आणि छप्पर?"

"यील की मागनं," धोंडाबाई म्हणाली. "आदी वटी धरा."